हुंकार देणारी

मला भुताच्या गोष्टी आवडत नाहीत. भूत आलं की माझी भीती जाते, कारण मग काय ते कळलेलं असतं. मला आवडतात ती पुस्तकं वेगळी. त्यात एक घर असतं, घरात मोजकी माणसं असतात आणि त्यांतलंच एक माणूस ‘मी’ म्हणून आपल्याला सगळं सांगत असतं. फार समजूतदारपणे सांगतं. जेवायला काय होतं, पडदे कधी धुतले, कोण कुणाची किती काळजी घेतं. मग बरीच पानं उलटल्यावर लक्षात येतं, की ह्या बाईने मघाशी दाराला कुलूप होतं म्हणून सांगितलं आणि आता ती त्याच दारातून आत आली. ती खोटं बोलते आहे, की तिचं तिलाच ठाऊक नाही, हे पुस्तक सांगत नाही. तिथून पुढे माझा चहा गार होतो.

अंबरनाथला आमच्या घराजवळच्या वाचनालयात अशी पुस्तकं एका फळीवर मावतील इतकीच होती. ती संपली तेव्हा तिथल्या बाईंनी मला पाककृतींची पुस्तकं सुचवली. नवरा म्हणतो, “तुला माणसांवर फुकटात संशय घेता येतो, म्हणून तू वाचतेस.” हे खरं आहे, पण अर्धं. संशय घेण्यात मजा आहेच. त्याहून मोठी मजा ही, की घरातल्या बाकी कुणाला काही कळलेलं नसतं आणि आपल्याला कळलेलं असतं. सगळे त्या सांगणाऱ्या बाईपुढे माना डोलावत असतात आणि आपण एकटे बाहेर बसून म्हणत असतो, इथे कुठंतरी पाणी मुरतंय.

ही सवय मला पुस्तकांनी लावलेली नाही. ती मावशीकडे लागली.

मावशी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये राहायची, जुन्या बॅरेकमधल्या दोन खोल्यांत. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, त्याच गल्लीतल्या जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. कारखान्यातून शिवून झालेल्या पॅंटींचे गठ्ठे दुपारी मावशीच्या घरी यायचे आणि गल्लीतल्या बायका गोल करून त्यांचे लोंबणारे धागे कापायला बसायच्या. हात चालू, तोंड मोकळं. मग मावशी गोष्ट सांगायची. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे असले की माझ्याकडे एकच काम, हुंकार द्यायचा. मावशी एक वाक्य बोलून थांबायची, मी “हूं” म्हणायचे, की पुढचं वाक्य. हुंकार देणारं माणूस नसेल तर तोंड उघडू नये, असा तिचा नियम होता.

तिची एक गोष्ट मला अजून पाठ आहे. तिच्या माहेरच्या गावात म्हणे एक बाई होती. तिची एक लंगडी नणंद होती. बाई रोज नणंदेची वेणी घालायची, तिला भरवायची, तिला उन्हात बसवायची. सगळं गाव त्या बाईचं कौतुक करायचं. एका सुट्टीत ती नणंद विहिरीत पडून मेली. दुसऱ्या सुट्टीत ती कासाराबरोबर सुरतेला पळून गेली. पुढच्या सुट्टीत ती अजून खिडकीशीच बसलेली होती आणि बाई अजून तिची वेणी घालत होती. बायका दरवेळी तितक्याच मन लावून ऐकायच्या. मी एकदा मध्येच म्हटलं, “मागच्या वेळी ती विहिरीत पडली होती.”

“मग?” मावशी म्हणाली. “आज नाय पडली. तू हुंकार दे.”

मी दिला. हुंकार म्हणजे होकार नव्हे, विश्वास बसला असंही नव्हे. ऐकते आहे, पुढे सांग, इतकाच त्याचा अर्थ. हे त्या गोलातल्या प्रत्येकीला माहीत होतं. काकांना तर फारच. ते जेवायला घरी आले की मुद्दाम भलत्याच ठिकाणी, वाक्य अर्धं असताना, दारातून मोठा हुंकार द्यायचे. सगळ्या हसायच्या आणि मावशी चिडून पॅंट फेकून मारायची. काका फार बोलघेवडे होते. मशीनच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय, त्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. राहिला तो फक्त हुंकार.

सुरुवातीला ते दारात खुर्चीवर बसायचे. गल्लीतला टेंपोवाला, कारखान्यातली पोरं, समोरची पापड विकणारी सिंधी बाई, जो जाईल तो हाक मारून जायचा. “मास्टरजी, कैसे हो?” काका म्हणायचे, “हूं.” ती बाई मावशीला सांगायची, “देखो, जवाब देते हैं, ठीक हो जायेंगे.” आम्हा सगळ्यांना बरं वाटायचं. मला तर काकांच्या त्या एका आवाजात त्यांचा जुना खट्याळपणा ऐकू यायचा.

मग मावशी त्यांच्या वतीने बोलू लागली. ते साहजिकच होतं, दुसरं कोण बोलणार? हे म्हणतात चहात साखर नको. हे म्हणतात सदरा निळा द्या. सांगून झालं की ती त्यांच्याकडे वळून विचारायची, “हो ना हो?” आणि काका म्हणायचे, “हूं.” पुढे हे म्हणतात टीव्हीचा त्रास होतो. हे म्हणतात व्यायाम करून घेणारी ती बाई नको, तिचे हात गार असतात. हूं. हे म्हणतात दारात बसायचं नाही, लोक बघतात. हूं. खुर्ची आतल्या खोलीत गेली, दाराला जाड पडदा लागला. पापडवाली बाई पडद्याबाहेरूनच हाक मारायची, काही दिवसांनी तीही थांबली.

मी दर आठवड्याला रिक्षाने जायचे. प्रत्येक वेळी काहीतरी कमी झालेलं असायचं आणि प्रत्येक वेळी ते काकांच्याच इच्छेने झालेलं असायचं.

आणि मग बदलापूरचा फ्लॅट आला. काकांनी हातपाय चालत होते तेव्हा बदलापूरला, पार कडेला, एका नव्या इमारतीत जागा घेऊन ठेवली होती. तिचा ताबा आता मिळाला. मावशी म्हणाली, “हे म्हणतात आपण तिकडे जाऊन राहू. ह्यांना आता हा कलकलाट सहन नाय होत गं.” मी काकांकडे पाहिलं. हूं.

ती जागा बघायला मावशीने मला बरोबर नेलं. दिवसाढवळ्या त्या इमारतीत आमच्याशिवाय एक वॉचमन होता, तोही फाटकाशी. लिफ्टच्या आत अजून प्लायवूड ठोकलेलं होतं. वरच्या मजल्यावर चार दारं, तीन दारांना प्लॅस्टिक गुंडाळलेलं. खिडकीतून डोंगर दिसत होता आणि बाकीच्या रिकाम्या इमारतींच्या खिडक्या. इतकी शांतता होती की मावशीच्या चपलांचा आवाज परत यायचा. ती मात्र खुशीत होती. तिने मला आतली लहान खोली दाखवली. “इथे ह्यांचा पलंग. तोंड भिंतीकडे, म्हणजे डोळ्यांवर उजेड नको.” त्या खोलीच्या दाराला नवी कडी लावलेली होती, पण बाहेरून.

“कडी बाहेरून कशी?” मी विचारलं.

“सुतार गाढव होता,” मावशी म्हणाली आणि कडी सरकवून बघितली. ती छान सरकली.

त्या क्षणी मला मावशीची भीती वाटली. जिने मला न्हाऊ-माखू घातलं तिची. पुस्तकात अशा जागी माझ्या अंगावर जो गोड काटा येतो, तो आला नाही. नुसतं घरी जावंसं वाटलं.

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “सुतावरून स्वर्ग गाठू नकोस. कडी चुकीची लागते लोकांकडे.” वर म्हणाला, “तुझ्या त्या पुस्तकांतल्या बायकांनाही असंच वाटत असतं ना? की मला एकटीलाच कळलंय?” मला राग आला, कारण तो बरोबर बोलत होता. सांगणारीवर संशय घेताना सांगणारी कोण, हे आधी बघायचं असतं. मी मनाशी दुसरी बाजूही मांडून पाहिली. काकांच्या अंगाला एक जखम नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जे होतं ते मावशीने होऊ दिलं नव्हतं. ती त्यांना दिवसरात्र कुशीवर वळवायची, रोज अंग पुसायची, दाढी करायची, त्यात तिची स्वतःची कंबर मोडली होती. तिचं त्यांच्यावर प्रेम नव्हतं असं कुणाची जीभ म्हणू धजली नसती. माझीही नाही. फक्त मला ती वेणी घालणारी बाई आठवत राहायची.

शेवटी मी एका शुक्रवारी दुपारी गेले. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, गल्ली थंड असते. मावशी मागे मोरीत कपडे धूत होती. मी काकांच्या खुर्चीशी बसले आणि म्हटलं, “काका, गोष्ट सांगते. हुंकार द्या.”

“हूं.”

“एक विमान चालवणारा मास्तर होता. त्याला शेपूट होतं.”

“हूं,” काका म्हणाले आणि त्यांचा डावा गाल हलला. ते हसत होते. इतक्या महिन्यांत त्यांना कुणी हसवलं नव्हतं. मला रडू आलं आणि ते मी गिळलं, कारण मागे पाण्याचा आवाज थांबायच्या आत मला संपवायचं होतं.

“मास्तर आजारी पडला.” हूं. “बायकोने त्याची फार सेवा केली.” हूं. “बायको म्हणाली, आपण लांब जाऊ, जिथे कुणी येणार नाही.” हूं. “मास्तर म्हणाला, मला जायचंय.”

काका गप्प. मला वाटलं दमले असतील. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. त्यांनी ओठ मिटून घेतले. डोळे उघडे, माझ्यावर. मी तिसऱ्यांदा म्हटलं, “मास्तर म्हणाला, मला जायचंय.”

“हूं.”

तो हुंकार माझ्या मागून आला. मावशी दारात उभी होती, हातात पिळलेला टॉवेल. “थांबलीस का?” ती म्हणाली. “पुढे सांग की.”

मी उठून उभी राहिले आणि सरळच बोलले. “मावशी, त्यांना नाही जायचं. ते त्या वाक्याला हुंकार देत नाहीत.”

“नाय देत, तर ‘नको’ तरी कुठे म्हणाले?” ती टॉवेल झटकत म्हणाली. आवाज अगदी मऊ. “पन्नास वर्षांचा संसार आहे माझा. त्यांच्या मनातलं मला कळतं. तू लहानपणी शेपटाच्या गोष्टीलाही हूं म्हणायचीस, आता शिकवतेस मला?”

मी मामाकडे गेले. मामा म्हणजे मावशीचा मोठा भाऊ, शहाडला राहतो, त्याचा शब्द ती मोडत नाही. तोही म्हणाला, “ती थकलीय, तू भलतं मनात आणू नको.” पण मी हटले नाही. मी त्याला सांगितलं, की आपण सगळे आत्तापर्यंत हुंकाराला होकार समजत आलो आहोत, आणि हुंकार हा होकार नसतो, हे आपल्या घरात तरी माहीत असायला हवं. त्याला ते पटलं. तो म्हणाला, “ठीक आहे. निघायच्या दिवशी सगळ्यांसमोर विचारू. मास्तर गप्प राहिले तर सामान उतरवून घ्यायचं. मग मी त्यांना माझ्याकडे नेतो.” मावशीनेही ते मान्य केलं. त्या आठवड्यात मला पहिल्यांदा झोप लागली.

निघायची सकाळ. गल्लीत टेंपो उभा, त्यात पलंग आणि कपाट चढलेलं. काकांना खुर्चीसकट बाहेर आणलं होतं. कितीतरी दिवसांनी ते उजेडात आले होते, डोळे मिचकावत होते. कारखान्यातली माणसं हात पुसत बाहेर आली. पापडवाली बाई आली. धागे कापायच्या गोलातल्या बायका आल्या, आता सगळ्यांचे केस पांढरे. मी मामाच्या बाजूला होते, माझ्या शेजारी नवरा.

मामा म्हणाला, “विचार.”

मावशी काकांच्या समोर पायरीवर बसली. मला वाटलं होतं ती विचारील, जायचं ना हो? तिने तसं विचारलंच नाही. तिने आवाज लावला, तो जुना, दुपारचा आवाज, जो मी तीस-एक वर्षांत ऐकला नव्हता.

“एक मास्तर होता,” ती म्हणाली आणि थांबली.

“हूं,” काका म्हणाले.

“जन्मभर मशीनच्या खडखडाटात राबला.”

“हूं.”

“त्याची एक बायको होती. तिने त्याला कधी टाकला नाही.”

“हूं.”

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मावशी पुढे वाकली. “एक दिवस मास्तर म्हणाला, चल, आपण दोघंच जाऊ.”

आणि ती थांबली.

काकांनी ओठ मिटले. मी पाहिलं. मामानेही पाहिलं असणार, कारण त्याचा हात टेंपोवाल्याला थांबवायला वर जाऊ लागला होता. गल्लीत कुणी हलत नव्हतं. मावशी थांबून होती, मान थोडी कलती, जशी ती आम्हा पोरांसाठी थांबायची. ती थांबणं मला आजही सहन होत नाही. तिथे काहीतरी यायलाच हवं असतं, नाहीतर गोष्ट तशीच लोंबकळत राहते.

“हूं.”

कुणीतरी दिला. बायकी आवाज होता, हळू, पण सगळ्यांना ऐकू गेला. त्यासरशी सगळ्यांचे अडकलेले श्वास सुटले. मावशी हसली आणि उठली, कुणीतरी म्हणालं, चला चला, ऊन वाढतंय. पोरांनी खुर्ची उचलली. मामा माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने हात खाली घेतला.

तो हुंकार माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईचा होता. ती लहानपणी माझ्याच शेजारी धागे कापायला बसायची, आईबरोबर यायची, तिलाही ती सवय होती. मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, “मी? मी तर रडत होते गं.” रडताना माणसाला आपण काय बोललो ते कळत नाही. मामाने त्यानंतर माझ्याशी ह्या विषयावर बोलणं टाकलं आहे. त्याचं वय झालंय, त्याला ऐकू कमी येतं. नवरा माझ्या शेजारीच होता, त्याला मी विचारलं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर त्याने मला चहा करून दिला, जो तो कधी करत नाही.

आता मी बदलापूरला जाते. वॉचमन ओळखतो. शेजारच्या दारांचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे. मावशी दार उघडते, मला पोहे देते, काकांच्या खोलीची कडी सरकवते. कडी ते पडू नयेत म्हणून असते, असं ती सांगते. काका भिंतीकडे तोंड करून स्वच्छ चादरीवर पडलेले असतात. त्या सकाळपासून त्यांनी हुंकार देणं बंद केलं आहे, मावशीला नाही, मला नाही, डॉक्टरांना नाही. मावशी म्हणते, “हे म्हणतात बरं वाटतं इथे.” आणि मग स्वतःच मान हलवते. वाचनालयात मी हल्ली फिरकत नाही. ‘मी’ म्हणून सुरू होणारं पान उघडलं की मला पहिल्याच ओळीत कंटाळा येतो.

त्या सकाळचं एक मी मामाला सांगितलेलं नाही. तो हुंकार आला तेव्हा काकांनी मान वळवली, जेवढी त्यांना वळवता येते तेवढी, आणि माझ्याकडे पाहिलं. ती बाई माझ्या अगदी पाठीशी होती, त्यामुळे ते तिच्याकडेच बघत असणार. मी त्यांना ती नीट दिसावी म्हणून बाजूला सरकले. त्यांची नजरही माझ्याबरोबर सरकली.